बैलाचा शनवार

रेवसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर एलोजी तेल्याचं घर होतं. पडवीत लाकडी घाणा, घाण्याला एक बैल आणि घरात एकटा माणूस. बायको रिबकाबाई आणि मुलगा शलोम इस्रायलात होते. एलोजीही तिकडे चार वर्षं राहिला होता. सगळ्यांबरोबर गेला आणि एकटाच परत आला.

गावात पूर्वी तेल्यांची बरीच घरं होती. धर्माने यहुदी, पण बोलणं, नेसणं, भात-मासळी सगळं गावासारखंच. शनवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे, चूलसुद्धा ते हाताने पेटवत नसत. म्हणून मुलूखभर त्यांना शनवार तेलीच म्हणत. इकडे इंग्रज गेला, पुढल्या वर्षी तिकडे यहुद्यांचा देश झाला, आणि मग एकेक घर दाराला कुलूप घालून लाँचीत बसलं.

धक्क्यावर भागोजीचं चहाचं दुकान होतं. लाँचीची वाट बघत बसलेल्यांना एलोजी दिसला की भागोजीला ऊत येई.

"काय तेलीबुवा, तिकडं बरं का इकडं?"

"तिकडं घरात नळ हाय," एलोजी सांगे. "कान पिळला का पानी."

"आनि दिवा?"

"वीज हाय. बटन दाबायचं."

"मासली?"

"बर्फातली. चव न्हाय, काटाबी न्हाय."

"काटा न्हाय ती कसली मासली? आनि घाना?"

"घाना न्हाय. तेल बाटलीतनं येतं."

"मग तू तेली कसला उरलास रं?"

लोक हसत. एलोजीही हसे. कपबशी ठेवून तो उठे आणि तो प्रश्न घरी घेऊन जाई.

तिकडे ते बीरशेबाला होते. आधी पत्र्याच्या खोलीत, मग दोन खोल्यांच्या सिमेंटच्या घरात. शलोमला कारखान्यात काम मिळालं. एलोजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. हात तेलाचे होते, दगडाचे झाले. बोलणं कळत नसे, तेव्हा तो मान डोलवी. मुकादम भला होता, दुपारी आपल्या डब्यातली काकडी त्याला देई. नाव मात्र त्याच्या तोंडात बसेना, तो आपला 'हिंदी' म्हणून हाक मारी.

तिकडचा पहिला शनवार एलोजीला आयुष्यभर पुरला असता. मोटारी थांबल्या, दुकानं मिटली, रस्ता रिकामा झाला. एवढा मोठा मुलूख आपल्यासाठी गप्प झालाय, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. पण शनवारामागून शनवार येत गेले, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर उभं राहून तो गावाकडची सकाळ आठवू लागला. तिथे सगळ्यांची कामं चालू असत आणि घाणा फक्त त्याचा थांबलेला असे. वाटेने जाणारा गडी म्हणे, "आज तेली बसलाय." त्या तीन शब्दांत त्याचं नाव, गाव, बापजादे सगळं येई. इथे सगळेच बसलेले. कोण कुणाकडे बघणार?

एक दिवस तो रिबकाबाईला म्हणाला, "चल, परत जाऊ."

ती नळाखाली तांदूळ धूत होती. तिने नळ बंद केला नाही.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी या नळाला सोडून येनार न्हाय. हन्नाला ताप भरला तवा पावसाची लाँच बंद होती. गाडीत घालून अलिबागंला नेली. वाटंतच गेली. मांडीवर माज्या गेली, तुमच्या न्हाय. हितं दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं हाय."

हन्ना त्यांची थोरली, सहा वर्षांची होऊन गेलेली. दोन्ही देश बायकोने असे समोरासमोर ठेवले होते की तोलायला काही उरलंच नव्हतं. तरी तो आला. का आला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. भागोजीच्या दुकानात नळाच्या नि विजेच्या गोष्टी सांगताना त्याला वाटे, आत्ता कुणीतरी विचारील, एवढं बरं तर मग आलास कशाला? पण ते कुणी विचारत नसे. गावाला त्याचं येणं ओहोटीनंतरच्या भरतीइतकं साधं वाटत होतं.

शेजारी फक्त ठमाबाई होती. नवरा वारलेला, मुलगा तुळशीराम मुंबईला गिरणीत. रिबकाबाई सून म्हणून आली तेव्हापासून शनवारी सकाळी तेल्याची चूल ठमाबाई पेटवी. त्यालाही रीत होती. तेल्याने 'पेटव' म्हणायचं नाही. एलोजी म्हणे, "आज गारठा हाय जरा," किंवा "घसा सुकलाय." की ठमाबाई करवंटीत घरचा निखारा घेऊन येई, चूल पेटवी, चहाचं आधण ठेवी. तो परत आल्यावर पहिल्याच शनवारी ती न बोलावता निखारा घेऊन दारात उभी राहिली. मधे चार वर्षं गेली आहेत, असं तिच्या तोंडावर कुठेच नव्हतं.

बाकी काही जुळेना. शेजारगावातल्या त्यांच्या प्रार्थनाघराला, ते त्याला मशीदच म्हणत, कुलूप होतं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आता जमत नव्हते. पूर्वी शुक्रवारी संध्याकाळी रिबकाबाई तेलाचा दिवा लावी आणि तिथून शनवार घरात येई. आता दिवा रोजचाच होता. तो लावला जाई तो अंधार पडला म्हणून.

आश्विनात मुंबईहून मेहुणा दानियल आला. पडवीत बसून पायातल्या चपला झटकत म्हणाला, "शलोमनं तिकडं जानाऱ्यांच्या यादीत तुझं नाव परत घालायला लावलंय. बोट दिवाळीनंतर हाय. या खेपेला जमतंय, पुढं काय खात्री न्हाय. रिबका म्हनते, येनार असतील तर आत्ता, न्हायतर मी वाट बघनं सोडलं."

"असं म्हनाली?"

"तुझ्यासाठी पोह्याचं मडकं झाकून ठेवलंय, तेबी सांगायला लावलंय." दानियल हसला. "दिवाळीच्या आधल्या रविवारी येतो. हो का न्हाय, तेवढं सांग. तोंड पाडून बसू नको, दोन देशांतलं कुठलंबी वाईट न्हाय."

तेच तर अवघड होतं.

दिवाळी जवळ आली तशी घाण्यावर खोबऱ्याची पोती येऊन पडली. एलोजीने विचार बाजूला सारला आणि बैल जुंपला. घाणा फिरू लागला की डोकं रिकामं होई. लाकडाचं कुरकुरणं, पेंडीचा वास, झापड बांधलेल्या बैलाची एकच गोल वाट. पहाटे जुंपायचं, दिवेलागणीला सोडायचं, उरलेला भात खाऊन निजायचं. एक दिवस दुसऱ्यासारखा, दुसरा तिसऱ्यासारखा.

अशीच एक सकाळ. घाणा चांगला तापला होता, तेलाची धार भांड्यात पडत होती. ठमाबाई करवंटी घेऊन पडवीच्या पायरीवर आली आणि तिथेच थांबली.

"एलोजीभाऊ," ती म्हणाली, "ह्ये काय करतांव?"

"खोबरं काढतोय. काय गं?"

"आज शनवार."

त्याला आधी ते कळलंच नाही. "आज शुक्कर," तो म्हणाला.

"शुक्कर काल झाला. काल पेझारीचा बाजार व्हता, मी सुकट इकून आले."

एलोजीचा हात बैलाच्या पाठीवरून सुटला. बैल आणखी दोन पावलं गेला आणि पुढची हाक न आल्याने उभा राहिला. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. त्याच्या बापाने, आजाने, पणजाने कधी केलं नव्हतं ते त्याच्या हातून झालं होतं, आणि तेही ठरवून नाही, रागाने नाही. नुसतं विसरून. तो घाण्याच्या कडेला खाली बसला.

ठमाबाईने करवंटी ठेवली. पदर खोचला, बैलाची झापड काढली, जू सोडलं आणि त्याला गोठ्यात नेऊन बांधलं. मग आत जाऊन चूल पेटवली. आज घसा सुकल्याचं कुणी म्हणालं नव्हतं. चहा त्याच्यासमोर ठेवून ती उंबऱ्यावर टेकली.

"मी हाय तवर सांगीन," ती म्हणाली. "तुळशीराम मला मुंबईला बोलवतोय. आज ना उद्या जावं लागंल. मग तुमाला शनवार कोन सांगनार?"

"भागोजी सांगंल की."

"भागोजी? त्याला सोताचा वार ठावा न्हाय." ती हसली. "रिबका वैनीकडं जावा तुमी. तिकडं सगल्यांनाच ठावं असतंय ना?"

"व्हय," एलोजी म्हणाला. "तिकडं विसरता येत न्हाय."

तिकडे सगळेच बसलेले असतात, ही जी गोष्ट इतके दिवस त्याला टोचत होती, तिचाच आज तो आधार मागत होता. जो दिवस आपला म्हणून तो एवढा समुद्र ओलांडून परत आला, तो दिवस इथे या बाईच्या करवंटीत राहिला होता.

रविवारी दानियल आला तेव्हा एलोजीने 'हो' म्हटलं.

घाणा कुणी घेतला नाही. बैल त्याने ठमाबाईला दिला. दावं तिच्या हातात देताना म्हणाला, "वैनी, ह्याला शनवारी जुंपू नको."

"माजा शनवार न्हाय तो."

"ठावं हाय."

"बरं. न्हाय जुंपनार."

धक्क्यावर भागोजीने चहा दिला. त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही. लाँच सुटताना मात्र ओरडून म्हणाला, "तेलीबुवा, परत आलास तर काटेवाली मासली खायला घालीन."

बीरशेबाच्या घरात रिबकाबाईने पोह्याचं मडकं खाली उतरवून ठेवलं होतं. त्याला पाहून तिने नळ सोडून पाण्याचा तांब्या भरला आणि पुढे केला. पाणी थंड होतं, भरपूर होतं.

शुक्रवारी सूर्य बुडता बुडता मोटारी थांबल्या. सकाळी एलोजी बाहेर पायरीवर येऊन बसला. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. पलीकडच्या घरातला म्हातारा आपल्या पायरीवर बसला होता; तो मोरोक्कोचा होता. दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. पुढे बोलायला भाषा नव्हती.

उन्हं वर आली. एलोजीच्या मनात आलं, आत्ता तिकडे भात झोडायचे दिवस आहेत. वाटेने गाड्या जात असतील. आणि ठमाबाईच्या दारात एक बैल दाव्याला उभा असेल, कामाच्या दिवसांत, उगाच. जाणारा-येणारा विचारत असेल, "काय गं, ह्याला बरं न्हाय काय?"

ती काय सांगत असेल, त्याचा तो बराच वेळ विचार करत बसला.