दातांच्या खुर्चीतलं चिनी

मला चिनी भाषेतली मोजून अकरा वाक्यं येतात. त्यांतली नऊ तोंडाच्या आतली आहेत. ‘तोंड उघडा’, ‘दुखतं का?’, ‘चावा’, ‘घाबरू नका’, ‘थुंका’ वगैरे. उद्या एखाद्या चिनी पाहुण्यानं मला त्र्यंबक नाक्यावर गाठून रस्ता विचारला, तर मी त्याला अस्खलितपणे चूळ भरायला सांगू शकतो. त्यापुढे माझा इलाज नाही.

हे असं का झालं, ते ऐका.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टोमॅटोचे आणि द्राक्षांचे प्लॅस्टिकचे क्रेट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅचच्या टेबलावर होतो. ट्रक भरून देणं आणि ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकणं, एवढंच काम. पण माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. कारखान्यातलं एकूण एक इंग्रजी पत्र मी लिहायचो आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचो. आमचे मिस्त्री निफाडकडचे. ते मला ‘इंग्रज साहेब’ म्हणत. ते मला बिरुद वाटायचं. तो टोमणा होता हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

त्या पावसाळ्यात मालकांनी चीनहून क्रेटचं नवं मशीन मागवायचं ठरवलं. दिवाळीनंतर ते येणार आणि मागोमाग ते बसवून द्यायला तिकडचा इंजिनिअर आठ दिवसांसाठी येणार. त्याला इंग्रजीचा गंध नाही. मालक म्हणाले, मुंबईहून दुभाष्या बोलावू.

त्याच आठवड्यात खरेदी विभागाची खुर्ची रिकामी झाली होती. वर पंखा असलेली, हात असलेली, फिरणारी खुर्ची! ती माझ्या डोळ्यांसमोर एकदा गर्रकन फिरली आणि मी बोलून गेलो, "दुभाष्या कशाला साहेब? चार महिने आहेत. मी शिकतो ना चिनी."

"जमेल?"

"साहेब, जिथं इंग्रजी आली तिथं चिनी काय!"

मालकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्यासमोरच मुंबईला फोन करून दुभाष्याला नको म्हणून सांगितलं. "आठ दिवसांत मशीन चाललं तर खरेदीची खुर्ची तुमची. नाही चाललं तर डिस्पॅच आहेच. मग रिटायर होईपर्यंत तिथंच."

मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजीतून चिनी शिकवणारं एक पुस्तक आणलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं: हा स्वर एखाद्या इंग्रजाला आश्चर्य वाटल्यावर तो जसा बोलतो, तसा काढावा. आता इंग्रजाला आश्चर्य कशाचं आणि किती वाटतं, हे मला काय ठाऊक? इंग्रजी लिपीत छापलेले ते चिनी शब्द मी इंग्रजी शाळेत शिकवल्याप्रमाणे वाचत गेलो. रोज पहाटे गच्चीवर एकच शब्द चार सुरांत म्हणायचो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, "ह्यांना बरं नाही का?"

बायको म्हणाली, "बरे आहेत. आत्तापर्यंत इंग्रजीत भांडायचे, आता पुढची तयारी चाललीय."

पंधरा दिवसांत माझी एवढीच प्रगती झाली, की आपल्याला काय कळत नाही तेही मला कळेनासं झालं. आणि त्याच सुमारास माझी दाढ ठणकायला लागली.

मेन रोडच्या एका बोळात दातांचा एक जुना दवाखाना होता. बाहेर पाटीवर गुलाबी हिरड्यांची हसणारी कवळी रंगवलेली. आतले डॉक्टर पन्नाशी उलटलेले, मूळचे चिनी. त्यांचे वडील तरुणपणी चीनमधून निघाले आणि दात बसवत बसवत नाशकात स्थिरावले. मुलगा इथंच जन्मला. डोळे मिटून ऐकलं तर पंचवटीतले कुणी काका बोलतायत असं वाटावं, इतकं त्यांचं मराठी नाशिकचं. भूल दिल्यामुळे माझा अर्धा जबडा बधिर होता. उरलेल्या अर्ध्या जबड्यानं मी ओरडलो, "डॉक्टर, मला चिनी शिकवा!"

त्यांना वाटलं भूल डोक्यात चढली. सगळं सांगितल्यावर ते आरसा पुसत म्हणाले, "अहो, माझं कसलं चिनी? वडिलांच्या गावचं ते. मी तो देश बघितलेला नाही. उत्तरेला मी मनमाडच्या पुढे गेलेलो नाही. आम्ही बापलेक दवाखान्यात आपसात बोलायचो, पेशंटला कळू नये म्हणून. तेवढंच येतं."

"चिनी ते चिनी, डॉक्टर!"

"बघा बुवा. पैसे नकोत मला. पण मोकळं बसून शिकवायला सुचणार नाही. खुर्चीत बसा, दात साफ करतो आणि करता करता बोलतो."

अशी माझी शाळा सुरू झाली. जगातली ही एकमेव भाषाशाळा असावी, जिथं विद्यार्थ्याच्या तोंडात शिक्षकाची दोन बोटं आणि एक नळी असते. शिक्षक पूर्ण वाक्य बोलतो आणि विद्यार्थ्याला फक्त ‘आ’ म्हणता येतं. पण गंमत पाहा, इंग्रजी पुस्तकाला जे जमलं नाही ते त्या ‘आ’नं जमलं. डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडून सरळ लांब आ करता ना, तो पहिला सूर. सुई दिसली की ‘आऽ?’ करून वर जाता, तो दुसरा. कापूस दाबला की खाली जाऊन कण्हत वर येता, तो तिसरा. सुई टोचली की ‘आ!’ तो चौथा." आणि चौथा त्यांनी लगेच करूनही घेतला.

माझ्या इंग्रजी उच्चारांनी ते हैराण व्हायचे. "साहेब, ते इंग्रजी सोडा हो. चमच्यातला च म्हणा, चहातला नको. आई-वडिलांनी दिलेली जीभ आहे ना, ती वापरा." आयुष्यभर ज्या इंग्रजीच्या जोरावर मिरवलो, ती इथं पायात पाय घालत होती. पण चार महिन्यांनी मला ‘चांग च्वे’ म्हणजे तोंड उघडा, ‘थंग पू थंग?’ म्हणजे दुखतंय का, ‘याव’ म्हणजे चावा, ‘प्ये फा’ म्हणजे घाबरू नका, हे इतकं चोख यायला लागलं की डॉक्टरांचे डोळे भरून यायचे. "अगदी वडील बोलतायत असं वाटतं," ते म्हणायचे. मी खूश. हे सगळे शब्द दातांचे आहेत, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मशीनही बसवायचंच असतं, कवळीही बसवायचीच असते, असा काहीतरी माझा समज असावा.

मशीन आलं. ट्रेलर नाशकातल्या द्वारका चौकात दोन तास अडकला, तेव्हाच मिस्त्री म्हणाले, "लक्षण काय बरं नाय." मग इंजिनिअर आला. चाळिशीचा, किरकोळ, हातात गरम पाण्याचा थर्मास. नाशिक रोडच्या प्लॅटफॉर्मवर मी त्याच्या गळ्यात हार घातला आणि पाठ केलेलं स्वागत म्हटलं. या, बसा, घाबरू नका.

तो दोन पावलं मागे सरकला. मग बराच वेळ काहीतरी बोलला. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सूरही ओळखीचे नव्हते. हा माणूस सुया टोचून घेतल्याशिवायच बोलत होता.

"काय म्हनतोय?" मिस्त्रींनी विचारलं.

"प्रवास चांगला झाला म्हणतोय."

"येवढं लांबडं?"

"चिनी भाषा विस्तृत आहे, मिस्त्री."

पुढचे पाच दिवस मी असाच जगलो. तो बोले, मी मान हलवी, मग मिस्त्रींकडे वळून मनाला येईल ते सांगे. मशीन उभं राहिलं, वीज जोडली, पण क्रेट धड निघेना. साच्याचे दोन भाग जबड्यासारखे उघडतात आणि मिटतात. ते मिटले की आत प्लॅस्टिक शिरतं. आमचा जबडा कुठंतरी नीट मिटत नव्हता. क्रेटच्या कडेला प्लॅस्टिकचे पापुद्रे यायचे, अगदी जिलबीच्या कडेसारखे.

इंजिनिअरला काहीतरी हवं होतं. ते तो दिवसभर मागायचा. डाव्या तळव्यावर उजवं बोट घासून दाखवायचा, मग साच्याकडे बोट करायचा. मिस्त्रींनी क्षणाचाही विलंब न लावता त्याला तंबाखू आणि चुना दिला. तो ‘नको नको’ करून परत तळवा घासायला लागला. "लय जोरात तलफ आलीय गड्याला," म्हणत मिस्त्रींनी स्वतः मळून दिली. मग आम्ही ग्रीस आणलं, तूप आणलं, बुटाचं पॉलिश आणलं. त्यानं पॉलिशची डबी उघडून पाहिली, विचारात पडला आणि ब्राऊन आहे म्हणून बाजूला ठेवली. मी तर त्याला हात धुवायचे असतील म्हणून साबणही दिला.

पाचव्या दिवशी मालक येऊन मशीनसमोर उभे राहिले. "परवा नाही तेरवा सकाळी हा जाणार. काय म्हणणं आहे त्याचं?"

"होईल म्हणतोय."

मिस्त्री मालकांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "तो म्हनतोय का तुमी म्हनताय?"

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी दवाखाना गाठला. "डॉक्टर, उद्या कारखान्यात चला. तुम्ही बोला त्याच्याशी. नाहीतर मी मेलो."

डॉक्टर खुर्चीशी चाळा करत राहिले. मान न उचलता म्हणाले, "मी नाही येणार साहेब. तो खरा तिकडचा. मी तोंड उघडलं आणि तो हसला तर? वडिलांचं बोलणं आहे ते. त्याला कुणी हसलेलं नाही चालणार मला." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बसा. मागची फिलिंग उंच झालीय का बघू." त्यांनी निळ्या कागदाची बोटभर पट्टी माझ्या दाढांमध्ये सरकवली. "याव. याव." मी चावलं. "आता आरशात बघा. जिथं निळा डाग, तिथं दात जास्त टेकतोय. जिथं नाही, तिथं टेकतच नाही."

मी खुर्चीतून उठलो तो गळ्यातल्या फडक्यासकट. डॉक्टर मागून ओरडले, "अहो, चूळ तरी भरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसातल्या टाइपरायटरच्या टेबलाच्या खणातून कार्बन पेपर उचलला, बरोबर पांढरे कागद घेतले आणि मशीनपुढे गेलो. साचा उघडा होता. मी कागद आणि कार्बन आत चिकटवले, बाजूला झालो आणि छाती भरून श्वास घेतला. साच्याकडे बोट दाखवून, कापूस दाबल्यावरचा तो कण्हता सूर लावून म्हणालो, "याव!"

इंजिनिअरनं थर्मास खाली ठेवला.

"याव," मी परत म्हणालो आणि स्वतःचे दात आपटून दाखवले. मग साच्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून अत्यंत मायेनं विचारलं, "थंग पू थंग?"

तो खाली बसला. फरशीवर! पोट धरून हसत होता. सात दिवसांत माझं त्याला कळलेलं ते पहिलं चिनी. डोळे पुसत तो उठला, कार्बन पेपरवर बोट घासलं, निळं झालेलं बोट मला दाखवलं, आणि मग तेच बोट डाव्या तळव्यावर घासलं. हाच! हाच रंग तो आठवडाभर मागत होता. साच्याला लावून कुठं टेकतंय ते पाहायला.

"म्हंजे तंबाखू नव्हती तर," मिस्त्री म्हणाले. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

साचा हळू मिटवला, उघडला. कागदावर वरच्या कडेला गडद निळं, खाली डावीकडे कोरं. उरलेला दिवसभर आम्ही त्या मशीनचे डॉक्टर होतो. तो बोल्ट सैल करायचा, मी कागद लावायचो, ‘याव’ म्हणायचो. तो कान लावून ऐकायचा आणि मला विचारायचा, "थंग पू थंग?" मी दुखतंय किंवा नाही ते सांगायचो. दिवेलागणीला स्वच्छ, गुळगुळीत, बिनपापुद्र्याचा क्रेट बाहेर पडला. मालकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मग त्यावर चक्क बसले. बसल्याबसल्याच मला खरेदीच्या केबिनची किल्ली दिली.

त्याच संध्याकाळी इंजिनिअरनं स्वतःच्या दाताकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. हे कुणी शिकवलं? एवढं मला हातवाऱ्यांवरून कळलं. मी त्याला आणि मिस्त्रींना घेऊन मेन रोडच्या बोळात गेलो. डॉक्टर आम्हाला पाहून आत पळायच्या बेतात होते. इंजिनिअरनं पाटीवरच्या कवळीला हात जोडले आणि काहीतरी म्हणाला. डॉक्टर थबकले. अगदी हळू, जपून, एक वाक्य बोलले.

तो हसला नाही. त्यानं मान खाली घालून उत्तर दिलं.

मग ते दोघे बोलत राहिले. तासभर! मी पूर्ण एकाग्रतेनं ऐकत होतो. चार महिने, अकरा वाक्यं, पाच फिलिंग, आणि मला काडीचं कळलं नाही.

शेवटी मी मध्येच विचारलं, "डॉक्टर, काय म्हणतायत?"

"कुणास ठाऊक," डॉक्टर गाल पुसत म्हणाले. "अर्धं मलाही नाही कळलं. त्यालाही माझं अर्धंच कळतंय. पण बोलू द्या हो."

जाताना त्यांनी पाहुण्याला आग्रहानं खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि म्हणाले, "चांग च्वे." त्यानं तोंड उघडलं. "थंग पू थंग?"

आता मात्र माझा मान होता. मी घसा साफ केला, मिस्त्रींकडे वळलो आणि दुभाष्याच्या गंभीर आवाजात म्हणालो, "डॉक्टर विचारतायत, दुखतंय का?"

मिस्त्री तंबाखू मळत म्हणाले, "येवढं तर आता मला बी कळतंय, इंग्रज साहेब."