कातडीतून उतरणारं औषध

देऊळगाव राजाजवळच्या एका फार्मसी कॉलेजात कचरू इंगळे तेवीस वर्षांपासून प्रयोगशाळेचा शिपाई. काचसामान धुवायचं, मशीन पुसायची आणि गेली दोन वर्षं पीएचडी करणाऱ्या सारिका मॅडमसाठी खाटकाकडून बकऱ्याच्या कानाचं ताजं कातडं आणायचं. मॅडम संधिवातावरचा जेल बनवत होत्या आणि तो त्या कातड्यावर तपासत होत्या. औषध तेलात विरघळवायचं आणि त्या तेलाचे पाण्यात इतके बारीक थेंब करायचे, की ते कातडीतूनच आत उतरावं. पोटात जायची गरजच नाही.

हे ऐकलं आणि कचरूचे धुते हात थांबले. त्याच्या बायकोची, कलाबाईची बोटं वाकडी झाली होती. गोळ्यांनी आराम पडायचा, पण मागच्या वर्षी रक्ताची उलटी झाली आणि डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. बाजारातली मलमं चोळून झाली. भाकरी आता कचरूच थापायचा, आणि ती तव्यावर जाईपर्यंत तुटायची.

त्यानं घरी सांगून टाकलं. मग ती रोज विचारू लागली, "उतरलं का हो औषध?"

"उतरलं. सहा घंट्यांत निम्मं उतरलं म्हने."

"मंग त्या बकऱ्याले बरं वाटलं का?"

"अवं, मेलेलं बकरं ते. त्याले काय वाटन?"

शेवटी धीर करून त्यानं मॅडमना कलाबाईचं दुखणं सांगितलं आणि विचारलंच. "मॅडम, एक डबी घरी नेऊ का? कोनाले सांगत नाही."

"कचरूभाऊ, माणसाला लावायची परवानगी नाही. रक्तात किती जाईल हे मलाच माहीत नाही. वहिनींना पुन्हा तसं झालं तर?"

"परवानगी कधी भेटन?"

"एखाद्या कंपनीनं हातात घेतलं तर. तीन कंपन्यांना लिहिलंय, एकीचंही उत्तर नाही."

मार्चमध्ये मॅडमचा प्रबंध मंजूर झाला, पीएचडी मिळाली. पेढे वाटून त्या नोकरीला हैदराबादला गेल्या. उरलेले नमुने नष्ट करायची चिठ्ठी कचरूच्या हातात आली. अठ्ठावीस बाटल्या. एकीचं झाकण काढून त्यानं जेल बोटावर घेतला. नितळ, गार. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण कलाबाईच्या उलटीचं रक्त त्यानंच पुसलं होतं. एकेक करत त्यानं सगळ्या बाटल्या औषधांच्या कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या केल्या.

घरी कलाबाईनं ऐकून घेतलं. रागावली नाही. "तुमी तरी काय करसान," म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता ते औषध कोनापाशी हाय?"

"कोनापाशीच नाही. मॅडमनं लिहिलेलं जाड पुस्तक हाय. कॉलेजातल्या कपाटात."