आईच्या जबड्यातला पाहुणा

११ जानेवारी, गुरुवार. हजर : आई, मी, दातांच्या डॉक्टरबाई, त्यांची मदतनीस. शिवाय एका लहान बाटलीत पाचवं माणूस होतं. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

आईच्या खालच्या उजव्या दाढा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दाढा गेल्या की तिथलं हाडही झिजत जातं, हे आम्हाला नगरच्या दवाखान्यात फोटो काढल्यावर समजलं. पक्के दात बसवायचे तर स्क्रू रोवायला हाडच उरलेलं नव्हतं. म्हणजे आधी हाड भरायचं, ते सहा महिने मुरू द्यायचं, मग स्क्रू. तिचंच हाड काढून भरायचं तर आणखी एक जखम. तिची शुगर बघता डॉक्टरबाईंना ते नको होतं. जनावराच्या हाडाला आईनेच हात जोडले. राहिलं माणसाचं : मेल्यावर कुणीतरी दान केलेलं, तपासून, स्वच्छ करून, वाळवलेलं.

आईने बाटली हातात मागून घेतली. आत जाड्या रव्यासारखे पांढरे कण होते.

"बाई हुती का बाप्या?"

"आजी, ते आम्हालाही कळवत नाहीत. नुसता नंबर येतो."

"याला सावडलं आसंल का गं कुनी?" हे मला विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी अस्थी गोळा केल्या असतील, तेव्हा एवढं हाड कमी पडलं असणार, हे तिच्या मनाला लागलं होतं.

"आई, त्यांनी आपखुशीने दिलंय."

"दिलं त्ये खरं. पन नदीला गेलं न्हाई ना त्ये. मंग मीच नेईन."

आमच्याकडे मात्र राख गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडत नाहीत. शेतात खड्डा घेऊन टाकतात आणि वर झाड लावतात. वडिलांचा आंबा गावी, बेलापूरच्या शेतात विहिरीजवळ आहे आणि त्याच्या शेजारची जागा आईने स्वतःसाठी धरून ठेवली होती. ती म्हणाली, "माजी राख तुज्या बापाशेजारी टाका. पावन्याची तेवडी मूठभर पुणतांब्याला गंगंत सोडा."

"तुझी कुठली नि त्याची कुठली, वेगळी कशी करायची?"

"त्ये मला काय इचारती? तुज्या वहीत लिव. धुण्याच्या चिमट्यांची बी यादी करती तू."

मदतनीस तोंडावर हात ठेवून हसली. मी लिहिलं. वहीत समोर जे पान उघडं होतं तिथेच लिहिलं : गरम खायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, गोळ्या जेवणानंतर, मूठभर पुणतांब्याला.

जखम छान भरली. आई दुधात कुस्करलेल्या भाकरीवर दिवस काढत होती आणि सुनेला बजावत होती, "आखाडात मला कडक भाकरी लागंल, आत्ताच सांगून ठिवते." गालाला बोट लावून ती कधी कधी विचारायची, "काय पावनं, रुळलं का घरात?" फोटोत दिसायचं, रुळलं होतं. नवं हाड आणि जुनं हाड यांच्यामधली रेघ पुसट झाली होती.

जूनमध्ये तिचं हृदय थांबलं. सकाळी अंगणात, तोंड धुताना.

त्या दिवसांत सगळं माझ्याच हातात होतं. सावडण्याची यादी मी नव्या पानावर केली : दूध, गोमूत्र, नवं कापड, खोरं, पाण्याचे हंडे, आंब्याचं रोप. एकही वस्तू विसरली नाही. भावाने खड्डा आधीच घेऊन ठेवला होता. सगळी राख, सगळ्या अस्थी त्यात गेल्या. भावकीतल्या एका काकांनी मला म्हटलंसुद्धा, "लई येवस्थित झालं बघ."

जुलैमध्ये दवाखान्यातून फोन आला. "आजींना उद्या आणताय ना? स्क्रू बसवायचेत." त्यांना कळवायचं राहिलं होतं. अपॉइंटमेंट रद्द करण्यासाठी मी दवाखान्याचं पान उघडलं आणि चौथी ओळ वाचली. फोनवर पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

भावाला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आगं वही तुज्याच हातात हुती ना?"

"हो."

"आता कुटं उकरायचं? रोपानं नुकतंच मूळ धरलंय. दोन पानं फुटल्यात. जरा जगू दे त्याला."

त्याचं चुकत नव्हतं. तरी मी शेतात जाऊन आले. आईच्या रोपाभोवती भावाने काट्यांचं कुंपण केलं आहे. मी कुंपणातून हात आत घातला आणि मातीला टेकवला. मुठीत घेता आली नाही. तिची घेऊ की त्याची, हे कळेना. आणि मूळ दुखावेल ही भीती.

ज्याने तिला भाकरी चावता यावी म्हणून आपलं हाड दिलं, त्याला आईने शब्द दिला होता. भाकरी तिला मिळाली नाही. शब्द मी विसरले.

रोप जगल्यावर लागेल म्हणून तांब्याची लहान लोटी आणून ठेवली आहे, वर बांधायला पांढरं फडकंही. नव्या वहीत जुन्या वहीतली उरलेली कामं उतरवून घेतली, बाकी सगळ्यांवर काट मारून झाली. पहिल्या पानावर आता एकच ओळ उरली आहे : मूठभर माती, पुणतांबा.