दुसऱ्या प्रोसेसरवरचा आळ

प्रधानसाहेबांनी कॉम्प्युटरच्या कपाटाच्या दारावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली, तिच्यावर स्वतःची सही केली आणि इक्बाल मुजावरकडे न पाहताच ते म्हणाले, "आता ही पट्टी माझ्यासमोरच फाटेल."

मुजावर हा आमच्या कंपनीचा हार्डवेअर इंजिनिअर. आम्ही मिनिकॉम्प्युटर बनवत असू. प्रधान आमच्या ग्राहकाकडचे, म्हणजे पिंपरीतील मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. मी आमच्या सॉफ्टवेअर विभागातून तेथे गेलो होतो. संस्कृत पाठशाळेत शिकून या व्यवसायात आल्यामुळे सर्वजण मला शास्त्रीबुवा म्हणत.

ऐंशीच्या दशकाचा तो आरंभ होता. त्या कारखान्यात टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड, वाढली आणि काम मंदावले. म्हणून आम्ही त्यांना दुसरा प्रोसेसर विकला. प्रोसेसर म्हणजे आकडेमोड करणारा मुख्य भाग, एका मोठ्या बोर्डावर बसवलेला. दोन झाले की काम दुप्पट वेगाने होईल, असे आमच्या विक्री विभागाने सांगितले होते. बोर्ड मुजावरने बसवला आणि काम पूर्वीपेक्षाही मंद झाले. सकाळी शिफ्ट सुरू होताना स्टोअरमधला माणूस की दाबून पडद्याकडे बघत बसे.

"मुजावर," प्रधानांनी विचारले, "काळेवाडीत तुमच्या मामांचं जुन्या पार्टांचं दुकान आहे ना?"

"आहे. रेडिओ, ट्रान्झिस्टर."

"बोर्डही मिळत असतील."

"कॉम्प्युटरचे बोर्ड काळेवाडीत मिळाले असते साहेब, तर तुम्हाला सुट्या भागांसाठी इम्पोर्ट लायसन लागलं नसतं."

या उत्तराने प्रधानांचा संशय पक्का झाला. नवा बोर्ड विकून दुरुस्त केलेला जुना बसवला, असे त्यांनी आमच्या साहेबांना, दीक्षितांना, फोनवर सांगितले. दीक्षितांनी ते सहज मानले. बोर्ड खराब ठरला तर दोष एका माणसावर जात होता, सॉफ्टवेअर खराब ठरले तर आमच्या साऱ्या विभागावर. मुजावरची चौकशी पुढल्या सोमवारी ठरली. चौकशीनंतर तो नोकरीत राहणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

मला मात्र कशाचीच खात्री नव्हती. मुजावर निर्दोष आहे, असे मानण्यासही माझ्याजवळ पुरावा नव्हता. बोर्डाची सगळी चाचणी ठीक येत होती, परंतु ती चाचणी घेणाराही तोच होता.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्या पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. लेथ, प्रेस, ड्रिलिंग मशीन, सर्व धुऊनपुसून हार घालतात, आणि पूजा झाल्यावर त्या दिवशी त्यांवर कोणी काम करत नाही. कॉम्प्युटरचे काय करायचे, यावर सकाळी वाद झाला. पुढील महिन्याच्या उत्पादनाचा आराखडा त्याच दिवशी हवा होता. कोणत्या ऑर्डरला किती पोलाद लागेल, याचा तो मोठा हिशेब. अखेरीस प्रधानांनी तोड काढली. पूजा टर्मिनलची करावी, कपाटातला कॉम्प्युटर चालू ठेवावा.

कारखान्याचे गुरुजी फाउंड्रीत अडकले होते. प्रधान म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्हीच म्हणा चार मंत्र."

देवकार्य चार मंत्रांत उरकणे माझ्या स्वभावात नाही. मी पाय धुतले, आसन घातले आणि यथासांग पूजा केली. ऑपरेटर गव्हाणे जवळच्या कुरुळी गावचा. त्याने प्रत्येक टर्मिनलला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. हिशेब दोन भागांत विभागून दोन्ही प्रोसेसरांना दिलेला होता. एरवी त्याला दुपार उलटत असे. आमची आरती चालू असतानाच शेजारचा प्रिंटर खडखडू लागला. आराखडा पूर्ण झाला होता.

मी हात जोडलेलेच होते. प्रधानांनी मात्र टाळ्या थांबवल्या. मुजावर प्रसादाचा द्रोण घेऊन दारात उभा होता.

"आज बरा चालला तुमचा बोर्ड," प्रधान त्याला म्हणाले. "पकडले जाणार म्हणून खरा आणून बसवलात?"

मुजावरने द्रोण टेबलावर ठेवला. "कधी बसवला? पट्टी तुमची, सही तुमची."

सगळे कपाटाकडे वळले. गव्हाणेने वाकून पाहिले.

"पट्टी हाय तशीच हाय साहेब. आमी कुनी हात लावला न्हाई. तुमच्या सहीवर हे एक बोट कुंकवाचं तेवढं लागलंय."

"कुंकू कोणी लावलं?"

"म्या लावलं. सगळ्या मशिनीला लावलं, हिलाच का सोडायची?"

प्रधानांनी पट्टीच्या कडा नखाने चाचपल्या. त्या घट्ट होत्या. मग त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू पूजेच्या निमित्ताने मीच काही केले असावे. संशयाला एकदा आसन मिळाले की तो माणसे बदलतो, उठत नाही.

परंतु मला त्या क्षणी वाट दिसली. बोर्ड तोच होता. मग त्या दिवशी निराळे काय होते? टर्मिनलवर हार होते. कोणीही टाइप करत नव्हते.

येथे वाचकांसाठी थोडे सांगतो. कॉम्प्युटरमधील सर्व कामांची व्यवस्था पाहणारा जो मूळ प्रोग्राम, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आणि तिच्या गाभ्याला कर्नेल. टर्मिनलवर की दाबली, डिस्कवरून काही वाचायचे झाले, की प्रोसेसरला कर्नेलमध्ये शिरावे लागते. दोन प्रोसेसर एकाच वेळी शिरले तर एकमेकांच्या नोंदी बिघडवतील, म्हणून दाराशी एक लॉक असते. ज्याला ते मिळाले तो आत, दुसरा बाहेर. देवळाच्या गाभाऱ्यात सोवळ्यातला एकच पुजारी जातो, तसेच.

आमच्या कर्नेलला असे एकच लॉक होते. शुद्ध आकडेमोड गाभाऱ्याबाहेरची. तिला लॉक फारसे लागत नाही. म्हणून त्या दिवशी दोन्ही प्रोसेसर मोकळेपणी धावले. एरवी टर्मिनलच्या प्रत्येक कीसाठी आणि डिस्कच्या प्रत्येक वाचनासाठी तेच एक दार. शिवाय बाहेर थांबलेला प्रोसेसर स्वस्थ बसत नाही. "उघडलं का? उघडलं का?" असे तो अखंड विचारतो, आणि ते विचारणे मेमरीकडे जाणाऱ्या त्याच मार्गाने जाते, जो आतल्या प्रोसेसरलाही हवा असतो. त्यामुळे आतला अडखळतो आणि अधिकच उशिरा बाहेर येतो.

हे अनुमान झाले. दीक्षितांना अनुमान पुरले नसते. मी कर्नेलमध्ये चार ओळी घातल्या: लॉक मागितले आणि ते मिळाले नाही, असे किती वेळा घडते आणि त्यात किती वेळ जातो ते मोजायचे. दसऱ्यानंतर शिफ्ट सुरू होताना पाहिले. दुसरा प्रोसेसर निम्म्याहून अधिक वेळ केवळ दाराशी उभा होता.

दीक्षितांनी मोजणीचा कागद पाहिला. "म्हणजे आपली चूक?"

"आपल्या कर्नेलची."

"शास्त्रीबुवा, ग्राहकाला हे सांगायचं? त्यापेक्षा बोर्ड बदलून देऊ."

"नवा बोर्डही दारातच उभा राहील. मग त्याच्याही इंजिनिअरची चौकशी लावणार का?"

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "सोमवारच्या आत करून दाखवा. नाही तर चौकशी होईल."

मी एका लॉकची तीन केली. टर्मिनलवरून येणाऱ्या कींच्या रांगांना एक, डिस्कच्या नोंदींना एक, चालू कामांच्या यादीला एक. देवळात फुले निवडणारा, नैवेद्य रांधणारा आणि आत पूजा करणारा यांनी एकमेकांसाठी खोळंबण्याचे कारण नसते. वाट पाहणाऱ्या प्रोसेसरलाही मी विचारण्याच्या दोन खेपांत थोडे थांबायला लावले.

चिंचवडच्या आमच्या ऑफिसातील मशीनवर ते चढवले. थोडा वेळ सुरेख चालले, मग सर्व पडदे जागच्या जागी थिजले.

"मंद चालत होतं ते बरं होतं," दीक्षित म्हणाले. "आता बंदच पडलं."

मुजावरही तेथे होता. तो म्हणाला, "बुवा, माझा बोर्ड बघू का?" त्या स्वरात विनोद किती आणि कडूपणा किती, मला सांगता येणार नाही.

बोर्डाचा संबंध नव्हता. एका प्रोसेसरने डिस्कचे लॉक धरून टर्मिनलचे मागितले होते, दुसऱ्याने टर्मिनलचे धरून डिस्कचे. दोघेही सोडीनात. मी रीतसर क्रम ठरवला. आधी कामांची यादी, मग डिस्क, मग टर्मिनल. एकाहून अधिक लॉक हवी असतील तर याच क्रमाने घ्यायची, उलट कधीही नाही. आधी कलशपूजा, मग शंख, मग घंटा, हा क्रम ज्याने लहानपणापासून पाळला, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. कर्नेलचे प्रत्येक पान छापून काढून मी आणि मुजावरने तो क्रम तपासला. तो मोठ्याने वाचत होता, मी खूण करत होतो. त्यानंतर मशीन थिजले नाही.

शनिवारी सकाळची शिफ्ट सुरू होताना आम्ही ग्राहकाकडे उभे होतो. स्टोअरमधल्या माणसाने की दाबली आणि उत्तर एवढ्या लवकर आले की त्याने ती पुन्हा दाबली.

"आरं, आलं की!" गव्हाणे त्याला म्हणाला. "दोनदा कशापायी?"

प्रधानांनी सगळ्या टर्मिनलवर फिरून स्वतः पाहिले. मग त्यांनी कपाटाची पट्टी फाडली, बोर्ड बाहेर काढायला लावला, त्याच्यावरचा क्रमांक पावतीशी ताडून पाहिला. तो जुळला. हे पहिल्या दिवशीही करता आले असते, परंतु तेव्हा कोणाला सुचले नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बोर्ड तोच आहे."

 पावती खिशात घालून ते टर्मिनलकडे वळले. मुजावरने बोर्ड पुसून जागेवर बसवला आणि स्क्रू आवळले.

सोमवारची चौकशी रद्द झाली. दीक्षितांच्या अहवालात "सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा" एवढेच शब्द होते. मुजावरचे नाव त्यात नव्हते आणि त्याची नोकरी राहिली, म्हणून अहवाल चांगला आहे, असे मी त्याला म्हणालो.

"चांगलाच आहे," तो म्हणाला. "फक्त बुवा, तपासणी आधी माझी झाली. मशीनची नंतर."

पुढे निवृत्तीपर्यंत मी अशी कित्येक मंद यंत्रे पाहिली. प्रत्येक ठिकाणी गेल्यावर मी प्रथम रांग कोणत्या दाराशी लागली आहे ते मोजत असे. बोर्ड कोणी बसवला, हे मी विचारत नसे. ते सांगायला कोणीतरी आधीच उभे असते.