घरत बाईंचा बातमीफळा

घरत बाईंना वर्तमानपत्राचं वावडं होतं. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी मोठ्या उत्साहाने पनवेल स्टँडवरून पेपर घेऊन गेलो होतो, परिपाठात मुलांना बातम्या वाचून दाखवायला. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, एकदा झटकला आणि खिचडीच्या तापलेल्या पातेल्याखाली अंथरला. वर मलाच म्हणाल्या, "अहो सर, दिल्लीत काय झालं ते दिल्लीतली पोरं सांगतील. इथे काय झालं ते आपली पोरं सांगतील की!" मग मुलांकडे वळून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हं, काय नवीन?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? डी.एड.ला शिकवलेलं सगळं मी घोकून आलो होतो आणि ही बाई माझ्या पेपरवर पातेलं ठेवत होती.

आमची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे द्रुतगती मार्ग ओलांडून आत गेलं की डोंगराच्या अंगाला गाव, गावाच्या वर कातकऱ्यांची वाडी आणि दोघांच्या मधे शाळा. मी कामोठ्याहून स्कूटरवर यायचो. बाई तिथल्याच, शेजारच्या गावात दिलेल्या. गावातल्या निम्म्या बापांना त्यांनीच बाराखडी शिकवलेली, त्यामुळे मिशा आलेले गडीसुद्धा त्यांना बघून विडी मागे लपवायचे.

रोज परिपाठाला मुलं बातम्या सांगायची. म्हैस व्याली, बोअरिंगची मोटर जळली, मामा दुबईहून आला. प्रत्येक बातमीला बाईंचा एकच प्रश्न असायचा, "पाहिलंस का ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की बातमी परत. "जा, आधी बघून ये." एकदा पहिलीतला एक पठ्ठ्या खरंच उठून गेला, बिल्डरचं कुंपण पडलंय का ते बघायला, आणि मधल्या सुट्टीनंतर उगवला. मी तोवर घामाघूम. बाई शांतपणे म्हणाल्या, "आला ना? नुसता नाही आला, बातमी घेऊन आला."

म्हशीच्या बातमीतून दुधाचं गणित निघायचं, मामाच्या बातमीतून नकाशा. एकदा एका मुलीने सांगितलं, "काल आमचे बाबा रडले. मी पाहिलं." बाईंचा खडू हातातच राहिला. तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "ही बातमी फक्त माझी हं." तेव्हापासून मी पेपर आणणं बंद केलं. पेपर वाईट होता म्हणून नव्हे, बाईंपुढे तो मलाच शिळा वाटायला लागला.

निवडलेली बातमी फळ्यावर सुरेख अक्षरात उतरायची, खाली बातमीदाराचं नाव. बाई तिचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या. तळोज्याच्या कारखान्यांत शिफ्टला गेलेले बाप जेवणाच्या सुट्टीत तो बघायचे आणि पोराच्या नावावर बोट ठेवून शेजारच्याला दाखवायचे. बाईंना त्याचा फार अभिमान होता. आणि त्याच फोटोने पुढे एका माणसावर जीव जायची वेळ आणली.

दिवाळीनंतरचे दिवस होते. फोनवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. कुठला तरी व्हिडिओ, कुठलं तरी गाव, खाली 'पुढे पाठवा'. आयाबाया पोरांना दारापुढे खेळू देईनात. अशात चौथीतली सुगंधा परिपाठाला उभी राहिली. एरवी चिमणीसारखी बोलणारी पोरगी, पण त्या दिवशी अगदी तालात म्हणाली, "काल संध्याकाळी शाळेच्या मागच्या वाटेवर सायकलवाला माणूस आला. त्याने मला गोळ्या दिल्या. मग तो गेला."

"पाहिलंस का ऐकलंस?"

"पाहिलं. मीच खाल्ल्या."

बाईंनी खोदून विचारलं. शर्ट कसला? सायकलला काय लावलं होतं? ओळखीचा होता का? सुगंधाने पटापटा सांगितलं, सायकलला पोतं होतं, माणूस ओळखीचा नव्हता. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, हेही बाईंनी सगळ्यांना दटावून सांगितलं. मग बातमी फळ्यावर गेली. 'सुगंधा, इयत्ता चौथी.' आणि फोटो ग्रुपवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो फिरून आमच्याच ग्रुपवर परत आला. फळा तोच, अक्षर बाईंचं, पण 'गोळ्या' या शब्दाभोवती लाल गोल आणि खाली कुणी तरी भर घातलेली. टोळी आली आहे, गुंगीच्या गोळ्या देतात, शाळेच्या फळ्यावर पुरावा आहे, सायकलवाला दिसला तर सोडू नका. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अहो, असं कुठे म्हटलंय मी?" ताबडतोब खुलासा टाकला. पण खुलासा कोण वाचतो हो? त्यांचा खुलासा आमच्या ग्रुपवरच पडून राहिला, फोटो मात्र कुठल्या कुठे गेला होता.

दुपारी खिचडी वाढत असतानाच आरडाओरडा ऐकू आला. खालच्या गावांतून मोटरसायकली आल्या होत्या, आमच्या गावातलेही गडी होते. मधे सायकलवाला. त्याचे हात दोरीने बांधलेले, कानातून रक्त, एक हात विचित्र वाकडा लटकत होता. त्याला आणि त्याच्या सायकलला फरफटत शाळेच्या फाटकाशी आणलं होतं; तो काही तरी सांगू बघत होता, पण ऐकतंय कोण? का, तर साक्षीदार शाळेत होती.

"पोरीला भायेर काडा! ती वलखील!" एकाने ओरडून सांगितलं. "ती हाय बोलली का मंग बगतो आमी!"

मी मुलांना खोलीत कोंडलं आणि पोलिसांना फोन लावला. निघतोय म्हणाले. पण हायवेवर गाड्यांची रांग लागलेली, ते कधी पोचणार देव जाणे. फाटकाची कडी हलत होती. बाहेर तीन-चार जण फोन उंच धरून शूटिंग करत होते. कोण म्हणतं शिक्षकाला धीर असतो? मी आपला भिंतीला टेकून उभा.

बाई मात्र खोलीत गेल्या आणि सुगंधाला खिडकीपाशी नेलं. "तोच आहे का गं?"

तिने गजातून पाहिलं. "तोच."

मुलगी खरं बोलत होती. खरंच बोलायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि हेच खरं बाहेर जाऊन बोलली असती तर त्या माणसाचा मुडदा पडला असता. बाई खाली बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि आदल्या दिवशी विचारायचं राहून गेलेलं विचारलं.

"त्याने तुला गोळ्या कशासाठी दिल्या?"

सुगंधाने हात सोडवून घ्यायला पाहिलं. मग हुंदका.

"मी केस दिले. आयचे. पिशवीतले."

मला क्षणभर कळेना. बाईंना लगेच कळलं. आमच्याकडे बायका विंचरताना निघालेले केस टाकत नाहीत. गुंडाळी करून पिशवीत साठवतात, वर्षभर. मग केसवाला आला की त्यावर वाटी किंवा पातेलं घ्यायचं. सुगंधाच्या आईने एका पातेल्याच्या आशेने पिशवी आढ्याला खोचून ठेवली होती, आणि ही महामाया ती काढून मूठभर गोळ्यांवर मोकळी झाली होती. बातमीत तेवढंच गाळलं होतं, घरी मार बसेल म्हणून.

"हे बाहेर सांगशील?"

"आय मारील."

मला वाटलं, बाई म्हणतील, नाही गं मारणार. बाई म्हणाल्या, "मारील कदाचित. मी मधे पडेन. पण तू नाही सांगितलंस तर त्या माणसाला सगळे मारतील, आणि तिथे मला मधे पडता येणार नाही."

पोरगी निघाली. बाईंच्या पदराचं टोक मुठीत धरून पायरीवर आली. तोवर फाटक उघडून गर्दी त्या माणसाला पायरीपाशी घेऊन आली होती. बाईंनी गर्दीतला एकेक चेहरा हेरला. "भरत, दगड खाली ठेव. ए काशिनाथ, तुझ्या बापाला सांगू का? बसा खाली!" आमच्या गावचे तीन-चार जण खरंच बसले. बाहेरगावचे मात्र उभेच होते, बाई त्यांच्या कोण लागत होत्या?

"बोल पोरी, ह्योच का?" त्यातल्या एकाने विचारलं.

सुगंधा म्हणाली, "ह्योच."

अरे बाप रे! एकदम लोंढा उसळला. कुणी तरी त्याचे केस धरले. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो अजून माझ्या कानात आहे. आणि त्या गलक्यात घरत बाई पायरीवरून खाली उडी मारून त्याच्या अंगावर आडव्या पडल्या. छपन्न वर्षांच्या, गुडघेदुखीच्या! प्रमाण मराठी कुठच्या कुठे गेली. "बातमी पुरी नाय झाली! पुरी आयका रे मेल्यांनो! मना मारा आदी!"

म्हातारीला मारायचं कसं, म्हणून हात थबकले. तेवढ्यात पायरीवरून सुगंधा बेंबीच्या देठापासून ओरडली, "मी आयचे केस चोरले! त्याला दिले! त्यानं गोल्या दिल्या! मी आयला नाय सांगितलं!" आणि भोकाड पसरलं.

बायकांच्या घोळक्यात तिची आई होती. ती तीरासारखी पुढे आली. हात उगारलेला. "कार्टे! घर उलटंपालटं केलं मी त्या पिशवीपायी..." बोलता बोलता तिची नजर खाली पडलेल्या माणसाच्या कानाकडे गेली. उगारलेला हात हळूहळू खाली आला. भरतने सायकलच्या मागे बांधलेलं पोतं उघडलं. वर चार स्टीलच्या वाट्या, खाली केसच केस. बाहेरगावच्या मोटरसायकली एकेक करून सुरू झाल्या आणि सुगंधाची आई पाण्याचा तांब्या आणायला धावली.

पोलीस आले, पंचनामा झाला, जबाब झाले. त्याचं नाव हणमंत. मूळचा सोलापूरकडचा, पनवेल स्टेशनजवळच्या झोपड्यांत राहणारा. सरकारी दवाखान्यात त्याच्या हाताला प्लास्टर घातलं. दोन दिवसांनी बाई मला घेऊन त्याला भेटायला गेल्या. खाटेशी उभ्या राहून हात जोडून म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हे. मला माफ करा."

तो अवघडून म्हणाला, "असं कसं बाई? गोळ्या तर म्याच दिल्या की. लेकरू खोटं काय बोललं?"

बाईंचे डोळे भरून आले. मी आपलं नेहमीचं, होईल सगळं नीट, वगैरे. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या गावात समदं कळलं. पर मला बांधल्याला फोटो गावोगाव गेलाय न्हवं? तितं कोण सांगनार? आता म्या कुठल्या गावात शिरू?"

रिक्षाने आम्ही स्टँडवर परत आलो. उतरताना बाई म्हणाल्या, "सर, शर्टाचा रंग विचारला मी. सायकल विचारली. कशासाठी ते नाही विचारलं. खरं बोलायला शिकवलं हो, पुरतं बोलायला शिकवायचं राहिलं." फळ्याचे फोटो त्यांनी त्या दिवसापासून बंद केले. बातम्या मात्र चालू राहिल्या. सुगंधा बरेच दिवस मान खाली घालून बसायची. बाईंनी तिला एकदाही उठवलं नाही आणि एकदाही वगळलं नाही, रोज तिच्याकडे बघून वाट पाहायच्या. एक दिवस ती आपणहून उठली. बातमी कसली, तर कोंबडीने अंडं घातलं!

मला वाटलं, झालं, संपलं प्रकरण. पण शनिवारी बाईंचा फोन आला. "सर, उद्या मोकळे आहात? स्कूटर नको. चालायचंय."

रविवारी सकाळी गेलो तर खालच्या गावाच्या वेशीवर हणमंत उभा. हात गळ्यात बांधलेला, सायकल बाईंच्या हातात. ज्या गावातून मोटरसायकली आल्या होत्या, तेच हे गाव. हणमंताचे पाय पुढे पडत नव्हते. "नगं बाई," एवढंच म्हणत होता. पारावर दोघं-तिघं बसले होते. त्यांनी त्याला ओळखलं, आणि त्याने त्यांना. मारामारी झाली तर मी काय करणार होतो?

बाई म्हणाल्या, "ओरडा हणमंत." त्याने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. पुन्हा उघडलं. ओठ नुसते हलले.

मग घरत बाईंनी पदर खोचला, सायकल रेटत पारापुढून चालायला लागल्या आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "केसांवर भांडीऽऽऽ! केसांवर भांडीऽऽऽ!"

पहिल्या आळीत एकही दार उघडलं नाही. दुसऱ्या आळीतही नाही. बाई ओरडत राहिल्या, आवाज बसायला आला तरी. तिसऱ्या आळीत एक म्हातारी प्लास्टिकची पिशवी घेऊन ओट्यावर आली. "कवापासून वाट बगतंय तुजी. कुटं व्हतास रं? न् हाताला काय झालं?"

हणमंताने मान खाली घातली. पारावरचे दोघं आमच्या मागून चालत आले होते, ते चार हातांवर थांबले.

बाईंनी सायकल उभी केली, चष्मा पुसला आणि त्याला म्हणाल्या, "सांगा त्यांना. पहिल्यापासून सगळं सांगा."