काचेचं दुसरं टोक

खिडक्यांना काचा बसवणाऱ्या दोघा भावांना सगळा बाजार थोरला आणि धाकटा म्हणायचा. थोरला जाऊन आठ महिने झाले, धाकट्याचे केसही पिकले, तरी तो धाकटाच राहिला.

मोठी काच जिन्यावरून चढवायची तर दोन माणसं लागतात, आणि त्यांची पावलं जुळावी लागतात. थोरला पुढे असायचा. 'पायरी', 'वळण', 'सांभाळ', एवढंच बोलायचा. धाकटा मागून मुकाट चढायचा. तेवीस वर्षांत दोघांच्या हातून एक तावदान फुटलं नाही. भांडणं मात्र रोजची. एका डब्यात जेवायचे आणि शेवटच्या घासावरून हमरीतुमरीवर यायचे.

आता धाकटा एकट्याला पेलेल एवढंच काम घ्यायचा. न्हाणीघराची खिडकी, तसबिरीची काच, फार तर कपाटाचं दार. मोठं काम आलं की "माणूस नाही" म्हणायचा. माणसं होती, दारात येऊन उभी राहायची. हा त्यांच्या हातांकडे बघायचा आणि परत पाठवायचा. वहिनीकडे जाणं तर त्यानं सोडूनच दिलं होतं. त्या शेवटच्या दिवशी जिन्यात काय झालं, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि तेच त्याला आतून खात होतं.

शेवटी बायकोनंच एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

"मी काय वेडा झालोय?"

"वेडे असता तर परवडलं असतं. जा मुकाट्यानं."

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि खिडकीच्या काचेला हा एवढा तडा, वर चिकटपट्टी. चार बुधवार धाकटा बाईंशी कमी आणि त्या तड्याशी जास्त बोलला. बाई विचारायच्या, "झोप लागते का?" हा म्हणायचा, "इथं पाच मिलिमीटरची घाला. चारची वाऱ्याला टिकायची नाही." मापंसुद्धा घेऊन झाली. पण बाईही काही कमी नव्हत्या. पाचव्या बुधवारी म्हणाल्या, "मग बसवा की."

"दुसरा माणूस लागेल. लिफ्टमध्ये मावणार नाही."

"दुसरं टोक मी धरते."

धाकट्याला हसू आलं. तरी जाताना बाईंच्या हाताचं माप घेऊन गेला, आणि पुढच्या बुधवारी काचेबरोबर नवे हातमोजे घेऊन आला.

या खेपेला पुढे त्याला व्हावं लागलं. पहिला मजला तो गप्पच चढला. बाई अडखळल्या तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं, "पायरी." आवाज आपलाच आहे, हे कळायला त्याला क्षणभर लागलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाईंना धाप लागली. म्हणाल्या, "जरा टेकवूया का?"

धाकट्यानं काच तिथल्या तिथे भिंतीला टेकवली आणि तो पायरीवर बसला.

"दादाही हेच म्हणाला होता," तो म्हणाला. "टेकवूया जरा. मी म्हटलं, एकच मजला राहिलाय, नाटकं करू नकोस. त्यानं नेली वर. संध्याकाळी घरी जाऊन आडवा झाला, तो उठलाच नाही."

'तुमची चूक नव्हती' वगैरे बाई काही म्हणाल्या नाहीत. त्याही पायरीवर बसल्या. मग विचारलं, "हे कुणाला सांगायचं राहिलंय?"

"वहिनीला."

काच बसवून तो तडक वहिनीच्या घरी गेला. चपला न काढता दारातच सगळं सांगून मोकळा झाला, आणि आता काय ऐकावं लागणार म्हणून मान खाली घालून उभा राहिला.

वहिनीनं दाराची चौकट धरली.

"छातीत जड वाटतंय, असं सकाळी मलाही म्हणाले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, पित्त असेल, जा कामाला. तुम्हाला काय तोंड दाखवू, म्हणून आले नाही हो भावोजी."