आई कुणाला दिसली

आई गेल्यावर चार वर्षांनी माझ्या धाकट्या भावाला ती दिसली. हे त्याने आम्हाला एका रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो नेदरलँड्सला असतो, मी धुळ्याला, आणि आमचे वडील, नाना, जळगावच्या घरात एकटे. शनिवारी कॉलेजात शिकवून झालं की मी जळगावची बस पकडते आणि रविवार नानांबरोबर काढते. त्या रविवारीही तिथेच होते. पुढ्यात भरताची वांगी भाजून ठेवली होती आणि मी त्यांची सालं काढत होते.

भाऊ म्हणाला, तिकडे एका ठिकाणी देखरेखीखाली मशरूमचा प्रयोग करतात. आपल्याकडे त्याला बंदी आहे. तिकडेही भूछत्रावर बंदी आहे, पण त्याच कुळातली जमिनीखाली वाढणारी गाठ कायद्याने चालते. ती खाल्ली की काही तास माणूस वेगळ्याच जगात असतो. आई गेल्यापासून त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं, झोप उडाली होती, म्हणून तो गेला होता.

"आणि नाना," तो म्हणाला, "मला आई दिसली. इतकी स्पष्ट, जशी तुम्ही आता दिसताय."

वांग्याचं साल बोटाला चिकटलं होतं, ते मी कितीतरी वेळ पुसत राहिले.

आई शेवटचे सात महिने माझ्याकडे धुळ्याला होती. तिला अंघोळ मी घातली. तिची औषधं, तिचं पथ्य, दवाखान्यातल्या रांगा, सगळं मी केलं. भाऊ आला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर. आणि या चार वर्षांत आई माझ्या स्वप्नात एकदाही आली नाही. मी झोपताना तिचं नाव घेऊन पाहिलं, फोटो उशाशी ठेवून पाहिला. आली नाही ती नाहीच. आणि याला दिसली! काय दिसलं, कशी दिसली, हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सांगत बसला असता, आणि ते मला ऐकवलं नसतं.

आठवड्याभराने नानांचा फोन आला. "मला जायचंय," ते म्हणाले.

"कुठे?"

"त्याच्याकडे. त्या छत्र्या खायला."

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. देवळात गेले तरी चपला दिसतील अशा बेताने उभे राहणारे. सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी बातम्या. असा माणूस सत्तरी ओलांडल्यावर कुत्र्याच्या छत्र्या खायला परदेशात निघाला, याचं एरवी मला हसू आलं असतं. पण मला कळलं, त्यांना आई बघायची होती. मुलाला दिसते तर नवऱ्याला का नाही, असं त्यांच्या मनात आलं असणार. आणि मला जागच्या जागी वाटलं, म्हणजे आता यांनाही दिसेल. राहिले मी.

"मीही येते," असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण बारावीचे वर्ग, तोंडी परीक्षा, घर. शिवाय कुणी 'चल' म्हटलंच नव्हतं.

तयारी माझ्याच अंगावर आली. नानांचा पासपोर्ट होता. दोघांनी मिळून मुलाकडे जायचं म्हणून आई असतानाच काढलेला. व्हिसाचं भावाने पाहिलं. तिकडची प्रयोग घेणारी एक बाई नानांशी आधी चार वेळा व्हिडिओ कॉलवर बोलणार होती, आणि तिची अट अशी की दुभाषी म्हणून मुलगा नको, कारण मुलासमोर माणूस मोकळा होत नाही. मुलीसमोर होतो की नाही, याचा तिने विचार केलेला दिसला नाही. मी इंग्रजी शिकवते, म्हणून मीच बसले.

पहिल्या वेळी तिने तब्येत विचारली. रक्तदाब, गोळ्या, घरात कुणाला कधी वेडाचा आजार होता का. डॉक्टरांचं पत्र आणि कार्डिओग्राम लागेल म्हणाली. जळगावचे आमचे डॉक्टर जुने. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, नानांकडे पाहिलं. "नाना, त्यापेक्षा चारधाम करा," म्हणाले. मग तपासण्या केल्या आणि लिहून दिलं की हृदय ठीक आहे, रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. "पुढचं तुमचं तुम्ही बघा," हे लिहिलं नाही, तोंडी सांगितलं.

कार्डिओग्राम चांगला आला तेव्हा मुलीला जसा आनंद व्हायला हवा तसा मला झाला. पण त्याच्याखाली आणखी एक काहीतरी होतं. थोडं काही निघालं असतं, अगदी किरकोळ, तर बरं झालं असतं, असं.

दुसऱ्या वेळी बाईने विचारलं, तुम्हाला यातून काय हवंय? मी मराठीत विचारलं. नाना बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडाची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "तिला बघायचंय. एकदा."

मी इंग्रजीत सांगितलं. बाई हळुवार आवाजात म्हणाली की असं काही सांगता येत नाही, ज्याला जे हवं तेच दिसेल असं नसतं. तिने हे एकदाच म्हटलं. मी नानांना तीनदा सांगितलं. "दिसेलच असं नाही, नाना." "ती म्हणते, काही खात्री नाही." "धरून चालू नका, म्हणते."

"कळलं," नाना म्हणाले. "मी बहिरा नाही."

खाण्याचंही पथ्य होतं. तिखट, तेलकट बंद, म्हणजे शेवभाजी गेली, ठेचा गेला. चहा कमी. रोज तासभर डोळ्यांवर पट्टी बांधून, भावाने पाठवलेलं संगीत कानाला लावून आडवं पडायचं. नुसतं पडायचं, झोपायचं नाही. मी पहिल्यांदा शेजारी बसून पाहिलं. नाना पट्टी बांधून सरळ पडले, हात छातीवर, आणि थोड्याच वेळात घोरायला लागले. मला बरं वाटलं. म्हटलं, असंच घोरत राहा तिकडेही.

पुढच्या रविवारी ते झोपले नाहीत. पट्टीखालून पाणी ओघळून कानात गेलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच डबे आवरले. आईच्या आजारपणात हा माणूस धुळ्याला यायचा, पलंगाशेजारी खुर्ची घ्यायचा आणि पेपर उघडायचा. तेव्हा न निघालेलं पाणी आता निघत होतं, आणि त्याचं पुण्य म्हणून आता यांना आई दिसणार होती, असला माझा हिशेब चालला होता.

तिसऱ्या वेळी बाई म्हणाली, जिच्याबद्दल मनात आहे तिची एखादी वस्तू जवळ ठेवली तर चालेल. कॉल संपल्यावर नाना माझ्याकडे वळले.

"तुझ्या फोनमध्ये तिचा आवाज आहे ना?"

आहे. आई लिहीत नसे, बोलून पाठवायची. मी जळगावहून निघाले की दर वेळी तिचा आवाज यायचा. हे आवाज मी कुणाला ऐकवत नव्हते, भावालाही नाही. त्याने दोनदा मागितले, दोनदा मी सापडत नाहीत म्हणाले. तो आवाज तेवढा माझा होता.

"आहेत काही," मी म्हटलं. "पण जुने आहेत. कामाचंच बोललीये त्यात."

"तेच ऐकव."

मी एक लावला. "बस भेटनी का? पारोळाले पोचनी की फोन कर. भाजी डबामा ठेयेल शे, संध्याकायले खाई ले." आई धुळ्याकडच्या खेड्यातली, घरात अहिराणीच बोलायची.

नाना फोनकडे पाहत राहिले. माणूस असा फोनकडे पाहत नाही, दाराकडे पाहतो.

"आणखी?"

मी आणखी एक लावला, मग आणखी एक. मग ते म्हणाले, "मला तिने असं एकदाही पाठवलं नाही."

"तुम्ही एकाच घरात होता, नाना. तुम्हाला कशाला पाठवेल?"

"हो. पण पाठवलं नाही." फोन माझ्याकडे सरकवत म्हणाले, "नशीबवान आहेस."

इतके महिने मी ज्यांचा हेवा करत होते, तेच माझा हेवा करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो स्पष्ट पाहिला. मला ओळखायला वेळ लागला नाही. आणि खरं सांगते, मला गोड वाटलं. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि भाकरी टाकायला आत गेले.

आतून सगळं ऐकू येत होतं. एकेक आवाज लागत होता आणि मी मोजत होते, आता पुढचा कोणता. नानांबद्दलचा तोही येणार हे मला माहीत होतं. मी धावत जाऊन फोन काढून घेऊ शकले असते. तवा गॅसवर होता.

"तुना नानास्ले काय सांगू," आई म्हणाली. "दिनभर पेपर. मी बोलस, त्यास्नं ध्यानच नही. तू व्हतीस तवलोंग घरमा बोलनं व्हतं."

म्हणजे मी घरात होते तोवरच तिथे बोलणं होतं. मग तोच आवाज पुन्हा लागला. मग पुन्हा.

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला होता. "हे तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि ताटावर बसले. पूर्ण जेवले.

चौथ्या आणि शेवटच्या कॉलमध्ये बाईने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तुम्हाला यातून काय हवंय? नाना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिला सांग, बघायचं वगैरे राहू दे. बायकोचं मी ऐकून घेतलं नाही. ते जमलं तर बघा म्हणावं."

मी सांगितलं. एका वाक्याचं इंग्रजी करायला मला दोनदा सुरुवात करावी लागली.

मी त्यांना मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. विमानतळावर भावाचा मित्र होता. ठरलेल्या दिवशी मी कॉलेजात तीन तास शिकवलं आणि काय शिकवलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा भावाचा निरोप होता, सगळं नीट पार पडलं, नाना झोपलेत. दुपारी त्यांचा फोन आला. स्टाफरूमच्या गॅलरीत जाऊन मी घेतला आणि कसे आहात हेही न विचारता म्हटलं, "दिसली?"

"नाही," नाना म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, पण वाईट नव्हता. "आधी मळमळलं. मग भिंत श्वास घ्यायला लागली, त्याचं हसू आलं. मग खूप वेळ बॉयलरचा आवाज. दीपनगरचाच. मी म्हटलं, बंद करा रे, मला काही ऐकू येत नाहीये. कुणी करेना. मग मी रडलो म्हणे. मग त्यांनी सूप दिलं."

मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी बरंच वाटलं, पायांत बळ आल्यासारखं. त्याच बळावर मी म्हटलं, "त्याला द्या फोन."

भाऊ आला. मी विचारलं, "तुला दिसली तेव्हा आई काय करत होती?"

तो म्हणाला, "मेथी निवडत होती. माझ्याकडे पाठ करून."

"आणि?"

"आणि काही नाही, ताई. मी हाका मारल्या. वळली नाही. सगळा वेळ पाठच." त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं तू विचारशील. तू विचारलंच नाहीस."

मी म्हणाले, संध्याकाळी सावकाश बोलू. खाली मैदानात मुलं कबड्डी खेळत होती, धूळ उडत होती. मेथी निवडताना आई कशी बसायची ते मला माहीत आहे, डावा गुडघा उभा, मान थोडी खाली, मानेवर अंबाड्यातून सुटलेले केस. तो म्हणत होता, नुसती पाठ. मी रेलिंगला धरून उभी होते आणि ती पाठ मला दिसली असती तर, एवढंच माझ्या मनात येत होतं.